उभे राहण्यापुरते घर

घर विकत घेण्यापूर्वी कोणकोणते कागद पाहावेत, हा प्रश्न आम्हांस आठवड्यातून चार वेळा तरी विचारला जातो. उत्तर जिभेवर तयार असते: मूळ खरेदीखत, सिटी सर्व्हेचा उतारा, बोजाचा दाखला, वारसांच्या संमत्या, हद्दींची मोजणी. पक्षकार हे सारे मुकाट्याने लिहून घेतात आणि फी देण्याची वेळ आली म्हणजे घर अगदीच लहान असल्याचे सांगू लागतात. तंबू विकत घेण्यापूर्वी काय पाहावे, हे मात्र आमच्या वीस वर्षांच्या वकिलीत कोणी विचारले नव्हते. तो प्रश्न गेल्या कार्तिकात आमच्याच घरी उपस्थित झाला, आणि त्याचा निकाल लागेपर्यंत मार्गशीर्ष उजाडला.

बेळगावात वाढलेल्या माणसाला ‘कँप’ ह्या शब्दाचा एकच अर्थ ठाऊक असतो. कँप म्हणजे लष्कराची छावणी. रुंद रस्ते, जुनी झाडे, कौलारू बंगले. आमच्या मुलांच्या तोंडी हा शब्द निराळ्याच अर्थाने येतो. शनिवारी दुपारी मोटारीच्या डिकीत तंबू, अंथरुणे, पाण्याचे कॅन आणि एक शेगडी टाकावयाची, जांबोटी-कणकुंबीकडे किंवा आंबोली-तिलारीकडे निघावयाचे, ओळखीच्या एखाद्या शेतात मोटारीशेजारीच तंबू ठोकावयाचा आणि रविवारी परत यावयाचे, ह्याला ती ‘कँप’ म्हणतात. टिळकवाडीतील डॉक्टर, प्राध्यापक आणि कारखानदार मंडळींत हा छंद अलीकडे बराच पसरला आहे.

ह्यात नवी असेल तर ती फक्त मोटार. गाडी शेजारी सोडून कापडाखाली निजण्याची रीत आपल्या मुलखाला जुनीच आहे. सौंदत्तीच्या डोंगरावर यल्लम्माच्या यात्रेला, मार्गशीर्षी पौर्णिमेला आणि इकडे ‘भारत हुण्णिमे’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या माघी पौर्णिमेला, बेळगाव-कोल्हापूरकडील भाविक पिढ्यान् पिढ्या बैलगाड्या घेऊन जात आले. आता ट्रॅक्टर, टेंपो आणि एस. टी.च्या गाड्या जातात. बैल सोडले की गाडीच्या आधाराने पाल उभारावयाचे, तीन दगडांची चूल मांडावयाची, नैवेद्य शिजवावयाचा आणि तेथेच पाठ टेकावयाची. ओझे बैल वाहात असल्यामुळे तंबूचे वजन किती, ही चिंता तेथे कोणी करीत नसे. मोटारीतून न्यावयाच्या तंबूचे पहिले सूत्र नेमके हेच आहे. गिर्यारोहक आपला तंबू पाठीवर वाहतो. त्याला दोन किलो की तीन किलो, हा जिवाचा प्रश्न असतो, आणि म्हणून तो वाकून, रांगून, प्रसंगी सरपटत आत शिरावयास तयार असतो. ज्याचे ओझे मोटार वाहणार आहे त्याने रांगण्याचे कारण काय? परंतु दुकानांतून दोन्ही प्रकार शेजारी शेजारी मांडलेले असतात, आणि तरुण मंडळींचा ओढा साहजिकच पहिल्याकडे जातो. कारण त्याच्या चित्रात मागे बर्फाचा डोंगर असतो.

आमच्या टिळकवाडीचे तर ह्या बाबतीत थोडे कुळकथन करता येईल. डिसेंबर १९२४ मध्ये राष्ट्रीय सभेचे अधिवेशन येथे भरले. गांधीजी ज्याचे अध्यक्ष झाले असे हे एकमेव अधिवेशन. गंगाधरराव देशपांडे ह्यांनी त्यासाठी ‘विजयनगर’ नावाचे तात्पुरते नगर उभारले होते. पाण्यासाठी विहीर खणून तिला ‘पंपा सरोवर’ असे नाव दिले. आज जेथे दुमजली घरे आणि मोटारींची रांग दिसते तेथे तेव्हा माळावर बांबू, खादी आणि दोर ह्यांचा गाव वसला होता आणि काही दिवसांत उठलाही. विहीर राहिली, ‘वीरसौध’ हे स्मारक नंतर झाले. कापडाचा मात्र एक धागा मागे उरला नाही. कापडाच्या घराचा धर्मच तो.

असो. आमच्या घरातील वादाकडे वळू.

आमचे चिरंजीव दहावीत आहेत आणि कन्या महाविद्यालयात. दोघांनी मिळून एक घुमटाकार तंबू पसंत केला होता: नारिंगी रंग, वजन साडेचार किलो, मधोमध उंची चार फूट, आणि पिशवीवर ठळक अक्षरांत ‘चार माणसांसाठी’. नाताळच्या सुटीत न्यायालये बंद असताना कणकुंबीकडे जाऊन दोन रात्री राहावयाचे, असा बेत होता. घरात माणसे पाच. पाचवी आई. तिचे वय अठ्ठ्याहत्तर, दोन्ही गुडघे झिजलेले, जमिनीवर बसणे दहा वर्षांपासून बंद. आजी घरी राहील आणि शेजारच्या मावशी रात्री सोबतीला येतील, असे मुलांनी परस्पर ठरवूनही टाकले होते. ह्यात त्यांची निष्ठुरता नव्हती. म्हातारे माणूस घरी सुखात असते, हे त्यांनी आम्हां मोठ्यांच्या तोंडूनच ऐकले होते.

आई सोप्यावर खुर्चीत बसून तांदूळ निवडीत होती. तिने मान वर न करता म्हटले, “हांवय येतां.”

घरात क्षणभर कोणी बोलले नाही. आई गेली कित्येक वर्षे कोठेही ‘येतां’ असे म्हणाली नव्हती. लग्नकार्याला बोलावणे आले तरी पांय दुखतात म्हणून आहेर पाठवून देई. देवदर्शनाला गेलो तर पायऱ्या किती, हे आधी विचारी आणि आकडा ऐकून घरूनच नमस्कार करी. तिला तंबूत राहावयास यावेसे का वाटावे, हे तिच्या नातवंडांना कळेना. आम्हांस थोडेफार कळले. तिचे वडील, म्हणजे आमचे आजोबा, वनखात्यात नोकरीस होते. १९५६ पूर्वी, हा जिल्हा मुंबई राज्यात असताना, त्यांची फिरती खानापूर तालुक्याच्या रानात असे, आणि शाळेला सुटी पडली की मुलांना घेऊन आजीही तेथे जाऊन राही. आईच्या बालपणीचे हिवाळे सरकारी तंबूत गेले. ते सर्व पुन्हा एकदा पाहावे, असे तिच्या मनात असेल तर तिला ‘तुला वाकता येत नाही, म्हणून घरी राहा’ असे सांगण्याचे धाडस निदान आमच्यात नव्हते.

तेव्हा नारिंगी घुमट रद्द झाला आणि शोध नव्याने सुरू झाला. आता एकच कसोटी सर्वांच्या पुढे होती: आईला आत चालत जाता आले पाहिजे, उभे राहता आले पाहिजे, आणि रात्री कोणाला न उठविता बाहेर येता आले पाहिजे. तंबू ऐसपैस आहे की नाही, हे त्याच्या लांबीरुंदीवरून ठरते अशी समजूत आहे. आमच्या मते ते घरातल्या ज्या माणसाला आत शिरणे सर्वांत कठीण, त्याच्यावरून ठरते. दहा जण दाटीने निजू शकतील पण एका म्हातारीला उंबऱ्याशीच थांबावे लागेल, असा तंबू मोठा कसा म्हणावा?

‘चार माणसांसाठी’ ह्या शब्दांची उलटतपासणी करण्याचा मोह आम्हांस आवरला नाही. माणूस म्हणजे कोण? तो निजलेला की बसलेला? त्याच्याजवळ सामान आहे काय? पुण्यातील एका मोठ्या दुकानातील तरुण विक्रेत्याने प्रामाणिकपणे उत्तरे दिली, त्यावरून पुढील गोष्टी निष्पन्न झाल्या. हा माणूस सदैव निजलेला असतो. त्याच्या वाट्याला सुमारे दोन फूट रुंदीची पट्टी येते. त्याला सामान नसते, तो कूस बदलीत नाही आणि त्याला मध्यरात्री उठावे लागत नाही. थोडक्यात, पिशवीवरील आकडा हा शेजारी शेजारी मांडलेल्या गाद्यांचा आकडा आहे. कुटुंबासाठी तंबू घेणाऱ्याने त्या आकड्यातून दोन-तीन वजा करून वाचावे, म्हणजे सत्य हाती लागते. आम्ही पाच जणांसाठी आठांचा घेतला: बारा फूट लांब, नऊ फूट रुंद, मधोमध उंची पावणेसात फूट, आणि भिंती घुमटासारख्या आत न झुकता जवळजवळ सरळ. सरळ भिंतीचे महत्त्व दुकानात कळत नाही. घुमटात उंची फक्त मध्यबिंदूपाशी असते, आणि नेमके तेथे कोणाला उभे राहावयाचे नसते. माणूस खाटेच्या कडेपाशी उठतो, आणि खाट भिंतीला लागून असते.

खाट आली की आणखी एक प्रश्न आला. जमिनीवरच्या गादीवरून गुडघे दुखणाऱ्या माणसाला उठता येत नाही. म्हणून घडीची खाट हवी, आणि ती साधारण खुर्चीइतकी उंच हवी, म्हणजे पाय खाली सोडून, हात टेकून उठता येते. तथापि खाटेच्या लोखंडी पायांनी तंबूचा तळ फाटतो. त्यावर उपाय फार साधा आहे: प्रत्येक पायाखाली प्लायवूडचा हातभर तुकडा आणि त्याखाली जुने सतरंजीचे कापड. बारा बाय नऊ फुटांत एक खाट, चार गाद्या, सामानाचा एक कोपरा आणि खाटेपासून दारापर्यंत दोन फुटांची मोकळी वाट एवढे बसते. ही वाट आम्ही खडूने अंगणात आखून पाहिली. वकील असल्यामुळे वहिवाटीच्या हक्काची आम्हांस विशेष काळजी. रात्री त्या वाटेवर कोणी बॅगा ठेवावयाच्या नाहीत, असा निकाल आधीच देऊन ठेवला.

ह्या सर्व खटाटोपात खरा पेच निघाला तो उंबऱ्याचा. बहुतेक तंबूंचा तळ हा परातीसारखा असतो. कडा चार-सहा बोटे वर वळवून भिंतीला शिवलेल्या असतात, म्हणजे बाहेरचे वाहते पाणी आत येत नाही. पावसाळी तंबूचा हा सर्वांत मोठा गुण. परंतु दारापाशी हीच कड उंबरा होते, आणि तोही लाकडाचा नव्हे. मऊ, हलणारा, पायात अडकणारा. देवळाच्या उंबऱ्याला हात लावून नमस्कार करता येतो आणि त्याचा आधारही घेता येतो. कापडाच्या उंबऱ्याला दोन्ही नाही. पाय उचलून टाकता न येणाऱ्या माणसाला तो अडथळा पावसापेक्षा मोठा. म्हणजे जो गुण पाणी बाहेर ठेवतो तोच म्हाताऱ्या माणसालाही बाहेर ठेवतो. दोहोंपैकी एकाची निवड करणे भाग होते. शेवटी आम्हांस असा तंबू मिळाला, ज्याच्या एका दाराशी ही कड आकड्यांवर अडकविलेली असते. आकडे सोडले की ती जमिनीला सपाट बसते. पाऊस आला तर आकडे लावावेत, एरवी सोडावेत. आणि पावसाचा संभव असेल त्या महिन्यांत आईला न्यावयाचेच नाही, हेही त्याच वेळी ठरले. मृगापासून पुढे कणकुंबीकडे पाऊस कसा कोसळतो हे ज्यांनी पाहिले आहे त्यांना ह्याचे कारण सांगणे नलगे. आणि चैत्र-वैशाखातील वळीव तर आधी वारा सोडतो, मग गारा.

कापडाविषयी आईचे मत ठाम होते. तिला किंतान नव्हे, ताडपत्रीही नव्हे, तर जुना जाड सुती कॅनव्हास हवा होता. पहिल्या सरीनंतर त्याला येणारा वास तिला अजून आठवतो. सुती कॅनव्हासच्या बाजूने बोलण्यासारखे पुष्कळ आहे. तो भिजला की सूत फुगते आणि विणीतील भोके आपोआप बुजतात. म्हणूनच नवा कॅनव्हास वापरण्यापूर्वी एकदोनदा भिजवून वाळवितात. तो श्वास घेतो, उन्हात कमी तापतो, नीट सांभाळला तर पंधरा-वीस वर्षे टिकतो. परंतु आमच्या आकाराचा तंबू त्या कापडात तीस-चाळीस किलो भरतो. मोटार तो वाहील, पण तो डिकीतून काढून उभारावयास दोन धडधाकट माणसे हवीत. त्याहून मोठे वैगुण्य म्हणजे बुरशी. टिळकवाडीत आषाढ-श्रावणात कपाटातल्या कोटावर आणि कायद्याच्या पुस्तकांच्या कातडी पाठींवरही बुरशी चढते. तेथे सुती कापडाचे एवढे मोठे गाठोडे चार महिने कोरडे कसे राहावे?

पॉलिएस्टर हलके, सडत नाही, लवकर वाळते. ते निर्दोष आहे असे मात्र नाही. त्याच्या आतून दिलेला पॉलियुरेथेनचा लेप पाणी अडवितो, आणि दमट, उष्ण जागी ओला तंबू बांधून ठेवला तर तोच लेप काही वर्षांत चिकट होऊन पापुद्र्यांनी सुटतो. ऊन त्याचा धागा हळूहळू ठिसूळ करते. नायलॉनपेक्षा पॉलिएस्टर ह्या बाबतीत बरे, शिवाय भिजल्यावर ते नायलॉनइतके सैल पडत नाही. पिशवीवर दोन आकडे छापलेले असतात. एक डेनिअर: नऊ हजार मीटर धाग्याचे वजन ग्रॅममध्ये, म्हणजे धाग्याचा जाडेपणा. दुसरा मिलिमीटरमध्ये: कापडावर पाण्याचा केवढा उंच स्तंभ उभा केला असता थेंब पलीकडे येतो, त्याचे माप. छताला दोन-तीन हजार पुरे. तळाला अधिक हवा, कारण त्यावर गुडघे आणि खाटेचे पाय दाबले जातात. ह्या आकड्यांवर फार विसंबू नये. सुई जेथे शिरते तेथे पाणीही शिरते. तेव्हा प्रत्येक शिवणीवर आतून पट्टी चिकटविलेली आहे की नाही, हे बोट फिरवून पाहावे. आमच्या सौभाग्यवतींनी दुकानात तासभर बसून एकूण एक शिवण तपासली. विक्रेता त्यांना चहा विचारून दमला.

तंबू अंगणात प्रथम उभारला तेव्हा आई काठी टेकीत आत आली, वर पाहिले, आणि तिने विचारले, “पुता, अस्तर खंय आसा?”

आजोबांच्या तंबूला, ती सांगू लागली, दोन छपरे असत. वरचे जाड कॅनव्हासचे, आणि हातभर मोकळी जागा सोडून आत पिवळ्या कापडाचे अस्तर. दुपारी ऊन वरच्या छपरावर अडे आणि मधून वारा वाही. पहाटे दव वरच्या कापडाला लागे, अस्तर कोरडे राही. आतल्या पिवळ्या उजेडात तिची आई दुपारी भरतकाम करीत असे. आम्ही आईला आमच्या तंबूचे वरचे छप्पर दाखविले. ते अजून पिशवीतच होते. आतली जाळीदार पातळ खोली आणि तिच्यावर वेगळे, चार बोटे अंतर राखून ताणलेले छप्पर, ही आजच्या चांगल्या तंबूंची रचना जुन्या सरकारी तंबूचीच नात आहे. तिचे प्रयोजनही तेच. निजलेल्या माणसाच्या श्वासातून आणि अंगातून रात्रभरात पेलाभर तरी पाणी वाफेच्या रूपाने बाहेर पडते. पाच माणसे धरली तर तांब्या भरेल. एकाच कापडाच्या बंद तंबूत हे पाणी पहाटे थंड छतावर जमते आणि थेंबाथेंबाने अंगावर पडते, आणि लोक म्हणतात की तंबू गळतो. जाळी आणि मोकळी हवा असेल तर वाफ बाहेर जाते. म्हणून थंडीतही वरच्या झरोक्यांची तोंडे बंद करू नयेत. आणि ऊब यावी म्हणून आत कोळशाची शेगडी तर कधीही ठेवू नये. कोळशाच्या विषारी वायूला वास नसतो; त्याने निजलेला माणूस जागाही होत नाही.

आईला हे अस्तर पिवळे नसल्याचे वाईट वाटले. बाकी पसंत पडले.

तंबू टिकावा कसा, ह्याविषयी आम्हांस सर्वांत मोलाचा सल्ला मिळाला तो दुकानात नव्हे, न्यायालयाच्या व्हरांड्यात. निपाणीकडील एक तंबाखूवाले शेतकरी आमचे पक्षकार आहेत. गळ्यात तुळशीची माळ, वय सत्तरीचे. आषाढात ते एका दिंडीबरोबर आळंदीहून पंढरपूरला जातात आणि दिंडीच्या मालट्रकवरील तंबूंची व्यवस्था पाहतात. आमच्या जिल्ह्याचा पालखीशी ऋणानुबंध जुना आहे. हैबतबाबा आरफळकरांनी १८३२ च्या सुमारास ज्ञानेश्वर माउलींच्या पालखी सोहळ्याला आजचे रूप दिले, तेव्हापासून चिकोडी तालुक्यातील अंकलीचे शितोळे सरकार सोहळ्यासाठी अश्व पाठवितात, आणि मुक्कामी माउलींच्या पादुका ज्या तंबूत विसावतात तो तंबूही त्यांच्याकडचाच. दिंड्यांच्या राहुट्या ह्या कापडाची खरी परीक्षा घेतात. सुमारे तीन आठवडे, भर पावसाळ्यात, रोज पहाटे पाडावयाच्या, रोज दुपारी पुढच्या मुक्कामी पालखी पोहोचण्याआधी उभ्या करावयाच्या. वर्षातून दोन रात्री तंबू वापरणाऱ्याचे अनुभव एकीकडे आणि ह्या गृहस्थांचे एकीकडे.

त्यांनी डेनिअर आणि मिलिमीटर दोन्ही शांतपणे ऐकून घेतले. मग म्हणाले, “वकीलसाहेब, तंबू पावसानं मरत न्हाई. वला गुंडाळला की मरतो.”

“मग वारीत तुम्ही काय करता? तेथे वाळवायला वेळ कोठे असतो?”

“तिथं न्हाईच वाळत. पर मुक्कामाला पोचल्याबरोबर उलगडतो; दिसभरापेक्षा जास्त गाठोडं बांधून ठेवत न्हाई. आन् घरी आल्यावर पयलं काम त्येच. माणूस मागनं वाळंल.”

आणखीही दोन गोष्टी त्यांनी सांगितल्या. मेखा पाहून घ्याव्यात; तंबूबरोबर येतात त्या तारेच्या असतात आणि त्या केवळ हिरवळीच्या कामाच्या. हे शब्दशः खरे निघाले. सौंदत्तीकडील काळ्या रानात मेख सहज जाते आणि भिजल्यावर तितकीच सहज निघते. तेथे ती लांब हवी. कणकुंबीकडे जांभा दगड. तेथे तारेची मेख वाकून तिचा आकडा होतो, म्हणून जाड लोखंडी खिळा आणि हातोडा हवा. बेळगावात लोहाराकडून आम्ही फूटभर लांबीच्या सोळा मेखा करवून घेतल्या, आणि आठ अशाच ठेवणीतल्या. दुसरी गोष्ट दोरांविषयी. उंच तंबू म्हणजे वाऱ्याला शीड. जितकी उंची अधिक तितके तणाव अधिक आणि ते तितके दूर. वारा नसला तरी ते आधी बांधावेत, कारण वारा सुटल्यावर अंधारात कोणाला काही सापडत नाही. उंचीची ही किंमत आहे, आणि ती आम्ही समजून-उमजून मोजली. खांब फायबरचे न घेता धातूचे घेतले, तेही ह्याचसाठी. फायबरचा खांब चिरतो आणि त्याच्या कुसळांनी हात भरतात, धातूचा वाकला तर तात्पुरता सरळ करून रात्र काढता येते.

जागेविषयी एक वकिली सूचना येथेच देऊन ठेवावी. खानापूरचे रान सुंदर आहे म्हणून वाटेल तेथे मेख ठोकू नये. भीमगडचा परिसर २०११ पासून अभयारण्य आहे, आणि १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यान्वये अभयारण्यात परवान्याविना प्रवेशही करता येत नाही. तंबूची गोष्ट दूरच. खाजगी मालकाची संमती घ्यावी, ती लेखी असली तर उत्तम. आम्ही कणकुंबीच्या अलीकडे एका परिचिताच्या काजूच्या बागेत जागा घेतली. तिची निवडही आईच्या हिशेबानेच झाली: जमीन सपाट, वर वाळकी फांदी नाही, आणि शौचालय वीस पावलांवर. निसर्गदृश्य म्हणावे असे तेथे फारसे काही नव्हते. मुलांनी त्याबद्दल एकदाच कुरकूर केली.

दोन रात्रींपैकी पहिल्या रात्री थंडी चांगलीच पडली. तीनच्या सुमारास आम्हांस जाग आली ती खाटेच्या करकरीने. आई पाय खाली सोडून बसली होती. आम्ही उठलो नाही. उठावेसे फार वाटत होते, तरी पडून राहिलो. तिने हात टेकले, उभी राहिली, तशीच क्षणभर थांबली; डोक्याला काही लागले नाही. मग भिंतीकडे हात न नेता दोन फुटांच्या वाटेने चार-पाच पावले चालून गेली. चेन सरकल्याचा आवाज झाला, आणि सपाट उंबऱ्यावरून काठी आधी बाहेर पडली, मग ती. बराच वेळ ती परत आली नाही म्हणून आम्ही जाळीतून पाहिले. ती मोटारीशेजारी ठेवलेल्या खुर्चीत शाल गुंडाळून बसली होती आणि कोणत्या तरी दिशेला पाहात होती. आजोबांच्या मुक्कामाची जागा त्या दिशेला होती की काय, हे आम्ही सकाळीही विचारले नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी छप्पर दवाने इतके भिजले होते की हात लावला तर ओघळ सुटत. दहाच्या आत निघावे म्हणजे जांबोटीच्या पुढे गर्दी लागणार नाही, असे चिरंजीवांचे म्हणणे. आईने माळकरी गृहस्थांचे वाक्य आमच्याकडून ऐकलेले होते. तंबू वाळल्यावाचून कोणी मोटारीत बसावयाचे नाही, असे तिने खुर्चीतून जाहीर केले, आणि कन्येला दोर सोडून छप्पर काजूच्या झाडांमध्ये पसरावयास लावले. अकरापर्यंत वरची बाजू खडखडीत झाली. मग तिने ते उलटे करविले. शिवणीपाशी अजून ओल होती, ती तिने स्वतः बोट लावून पाहिली.